ओल आधी, पट्ट्या नंतर

इंदूरला आमच्या लोकमान्यनगरात हल्ली कुणी न्हाणीघर नवं केलं की वर पीव्हीसीच्या पट्ट्यांचं छत हमखास दिसतं. वीतभराहून थोडी जास्त रुंद, दहा फूट लांब, आतून पोकळ पट्टी. एकीच्या खाचेत दुसरीची जीभ बसते आणि बघता बघता सगळं छत झाकलं जातं. लाकडासारखं दिसतं, पाण्याने कुजत नाही, वाळवी लागत नाही, आणि काम झटपट उरकतं. आमच्याकडे असं छत बसवलं, पुढे माहेरी आईकडे आणि नंतर नणंदेच्या फ्लॅटमध्ये. तिन्ही ठिकाणी मी मिस्त्रींच्या शेजारी उभी राहून काम पाहिलं, टेप धरला, प्रश्न विचारले. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. पट्ट्या बसवणं सोपं असतं. त्यांच्या वर काय चाललं आहे ते आधी बघणं आणि पुढेही बघता येईल अशी सोय ठेवणं, यात खरी मेहनत आहे. पुढचं सगळं त्यासाठी लिहिते आहे.

१. ओल झाकायला छत लावू नका.

आमचं न्हाणीघर खालच्या मजल्यावर, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर दिरांकडचं. आमच्या छताच्या एका कोपऱ्यात पोपडे धरले होते, रंग पिवळा पडला होता. एका सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या असताना गिलाव्याची खपली थेट त्यांच्या बादलीत पडली. त्या घाबरून हाका मारायला लागल्या. त्या दिवशी घरात सगळ्यांचं एकमत झालं: आता पट्ट्या लावून टाकू, म्हणजे पडायचंही नाही आणि दिसायचंही नाही.

मिस्त्री आले, स्टुलावर चढले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छत ठोकत गेले. चांगल्या जागी टणटण आवाज येत होता, कोपऱ्याकडे गेल्यावर तो भदभद झाला. ते खाली उतरले आणि म्हणाले, "भाभीजी, पेले ऊपर का पानी रोको. पट्टी तो मैं कल लगा दूँ, पर सरिया अंदर ही अंदर गल जाएगा." मला हा माणूस तिथेच पटला.

ते सांगत होते त्यात शास्त्र आहे. स्लॅबमधल्या सळईला पाणी लागलं की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. आधी पोकळ आवाज येतो, मग भेग दिसते, मग ढलपा सुटतो. हे सगळं उघड्या छतावर दिसतं, म्हणून वेळेवर उपाय होतो. पट्ट्यांच्या वर हेच चालू राहिलं तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि काँक्रीटचा ढलपा पेलायची ताकद त्या पोकळ पट्टीत नसते. म्हणून सुटलेला भाग ठोकून काढायचा, सळई तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने जागा भरायची. सळई अर्धी झिजलेली दिसली तर मिस्त्रींच्या भरवशावर न राहता इंजिनिअरला बोलवायचं. हा खर्च कुणाला दिसत नाही, पाहुणे त्याचं कौतुक करत नाहीत. तरी तो आधी करायचा.

२. पाणी कुठून येतं ते अंदाजाने ठरवू नका.

छतावर ओल दिसली की वरच्यांना दोष देऊन आपण मोकळे होतो. पण हिवाळ्यात गरम पाण्याची वाफ थंड स्लॅबला लागून जे थेंब धरतात, त्यानेही काळी बुरशी येते. दोन्ही ओळखायला एक साधी चाचणी आहे. ओलसर जागा आधी पंख्याने वाळवायची. मग हातभर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने तिथे पक्का चिकटवून दोन-तीन दिवस ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या, म्हणजे आपल्या बाजूला आले तर ती वाफ. प्लॅस्टिक आणि छत यांच्या मध्ये पाणी साचलं तर ते वरून झिरपतं आहे.

आमच्याकडे ते मधेच साचलं. मग जाऊबाईंच्या न्हाणीघराची नहाणी चिंध्या आणि प्लॅस्टिकने बुजवली, फरशीवर इंचभर पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ घातली. पुढचे दोन दिवस त्यांचं सगळं घर आमच्याकडे अंघोळीला. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, निदान यानिमित्ताने तुमच्या हातचे पोहे तरी मिळतील." दुसऱ्या दिवशी आमच्या छताच्या कोपऱ्यात निळसर डाग उमटला. नहाणीच्या ट्रॅपभोवतीचा सांधा सुटला होता. तेवढीच जागा खोदून नीट केली. अख्खी फरशी फोडावी लागली नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ही चाचणी वरच्या शेजाऱ्यांना विश्वासात घेऊनच होते. नणंदेने आधी त्यांना चहाला बोलावलं, छताचे फोटो दाखवले, मग विषय काढला. भांडण झालं असतं तर आजही ते छत गळतच असतं.

वर गच्ची असेल तर आधी टाकीकडे बघा. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये जलूदहून इंदूरला आलं, पण नळाला ते बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. त्यामुळे घरोघरी गच्चीवर टाकी, आणि पाइप कमी लागावा म्हणून ती बहुतेकदा न्हाणीघराच्याच डोक्यावर. आत बॉलकॉक अडकला की टाकी रात्रभर वाहते आणि सकाळपर्यंत गच्ची वाळून गेलेली असते. माहेरी ओलीचं कारण हेच निघालं.

३. पंचांग बघून काम काढा.

मुहूर्तासाठी म्हणत नाही, हवामानासाठी म्हणते. पावसाळ्यात ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. डाग पुढे सरकला की पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. कारागिराला दाखवायला याहून चांगला कागद नाही. वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात, स्लॅब पुरता वाळला असताना. मग एक पावसाळा नुसता जाऊ द्यायचा. जुनी रेघ ओलांडली गेली नाही, की पट्ट्या. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रंगारी, सुतार, मिस्त्री कुणी हाताला लागत नाही, म्हणून मार्गशीर्ष उत्तम. आमच्या घरी वर्षभर थांबायला कुणी तयार नव्हतं, पण थांबलो.

४. लाकडाचा ओढा असला तरी ते न्हाणीघरात नको.

राजवाड्याच्या वरच्या मजल्यांचं लाकूडकाम बघत वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना लाकडाचा सोस असतो. माझं आजोळ रामबागेतलं. तिथल्या माजघराचा कडीपाट अजून डोळ्यांपुढे आहे: सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, खालून बघितलं की सगळं उघडं. वाळवीची मातीची रेघ चढायला लागली की आजी खाली बसल्या जागी दाखवायची. ते छत स्वतःची तब्येत लपवत नसे. मात्र त्या घरात मोरी वेगळी होती आणि तिच्यावर कडीपाट नव्हता. जुन्या माणसांना हे कळत होतं.

पीओपी आणि साधा जिप्सम बोर्ड वाफेत मऊ पडतात. ओलावा सोसणारा हिरवा बोर्ड मिळतो, पण गळती तोही सोसत नाही. पीव्हीसीला पाण्याने काही होत नाही, उष्णतेने मात्र होतं. सुमारे ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. पीव्हीसी सहज पेट घेत नाही, पण जळलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घुसमटवणारा धूर निघतो. म्हणून तापणारे हॅलोजनचे दिवे तिथे नकोत.

सियागंजात पट्टी घेताना अंगठ्याने मधोमध दाबून बघा. सहज दबली तर तिच्या भिंती पातळ आहेत. दोन दुकानांच्या पट्ट्या हातात घेऊन वजनाची तुलना करा. लाकडाची नक्षी वर चिकटवलेल्या कागदासारख्या थरात असेल तर कडेला नखाने उचकटून बघा. वाफेत आधी तीच सुटते. आणि सगळा माल एकाच खेपेतला घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो.

५. माळव्यातल्या भिंती काटकोनात नसतात.

आपली जमीन काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरची जुनी घरं दर वर्षी थोडी थोडी हलतात. भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात केसासारखी भेग येते, चौकोन तिरका होतो. म्हणून एका भिंतीला मोजून चालत नाही. दोन्ही कर्णांना दोरी लावून बघा, चारही भिंती मोजा. पातळी स्लॅबपासून खाली मोजून काढू नका. स्लॅबही सरळ नसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांत खूण करा. आमच्या मिस्त्रींकडे लेझर होता, पण शेवटची खात्री त्यांनी नळीनेच केली.

उंचीचंही बघा. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराची किमान उंची २.१ मीटर दिली आहे, म्हणजे साधारण सात फूट. जुन्या घरात वर माळा असतो. त्याच्याखाली सांगाडा आणि पट्टी लावल्यावर किती उरतं ते आधी मोजा. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला शॉवरखाली उभं करून हात वर करायला लावा.

६. पहिली पट्टी बसवण्याआधी शेवटची मोजा.

हा भाग मला मनापासून आवडतो, म्हणून नीट सांगते. आईचं न्हाणीघर पाच फूट रुंद आणि सहा फूट आठ इंच लांब, म्हणजे २०३२ मिलिमीटर. 'दहा इंची' म्हणून विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात २५० मिलिमीटर भरते. दारापासून सुरुवात करून आठ पूर्ण पट्ट्या लावल्या की २००० मिलिमीटर झाले आणि शेवटी उरली ३२ मिलिमीटरची चिंधी, सव्वा इंचाची. ती नीट कापता येत नाही, खाचेत ठरत नाही, आणि आत पाऊल टाकताच समोर तीच दिसते.

त्याऐवजी मधे सात पूर्ण पट्ट्या धरल्या: १७५० मिलिमीटर. उरले २८२. त्याचे दोन भाग केले, की दोन्ही कडांना १४१ मिलिमीटर, साडेपाच इंच. दोन्ही बाजू सारख्या. दोन्ही हिशेबांत पाच फुटी तुकडे नऊच लागतात आणि दहा फुटी पट्ट्या पाच. माल तेवढाच, एक कापणी जास्त. मिस्त्री आधी म्हणाले, "इत्ता कोई नी करता." पूर्ण झाल्यावर त्यांनीच मोबाइलवर फोटो काढून घेतला.

कापायला बारीक दात्यांची करवत किंवा हॅक्सॉ घ्यायला सांगा. ग्राइंडरने कड वितळते आणि त्याचा धूरही वाईट. आणि पट्टी भिंतीला टेकवून कापू नका. पीव्हीसी उन्हाने वाढतं, थंडीने आकसतं: मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०६ मिलिमीटर. पाच फुटी पट्टी, आणि हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक धरला, तर पावणेतीन मिलिमीटर. मिस्त्रींच्या भाषेत जवळजवळ एक सूत, इंचाचा आठवा भाग. दोन्ही टोकांना एकेक सूत मोकळं सोडायचं. कडेची पट्टी ती फट झाकते. नाहीतर उन्हाळ्यात छताला पोट येतं.

७. सांगाडा आणि स्क्रू यांत काटकसर नको.

साधा लोखंडी पाइप रंग देऊनही कापलेल्या टोकांशी गंजतो आणि पांढऱ्या पट्टीवर तांबडे ओघळ उतरतात. जीआय किंवा ॲल्युमिनिअमचा सांगाडा घ्या, दीड-दीड फुटावर, पट्ट्यांच्या आडव्या दिशेने. काळे स्क्रू जिप्सम बोर्डाचे असतात, ओलाव्यात ते टिकत नाहीत. स्टेनलेस स्टीलचे आणा. स्क्रू पट्टीच्या जिभेत मारायचा, म्हणजे पुढच्या पट्टीच्या खाचेत तो झाकला जातो. फार आवळायचा नाही, पट्टीला हलायला जागा हवी.

गिझर कधीही या सांगाड्याला टांगू नये. १५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच पंधरा किलो असतं, वर त्याचं स्वतःचं वजन. तो भिंतीत पक्क्या बोल्टवरच हवा.

८. वाफ घराबाहेर जाऊ द्या.

पीव्हीसी पाणी पीत नाही, त्यामुळे जुन्या चुन्याच्या छतासारखी वाफ त्यात जिरत नाही. ती थेंब होऊन मानेवर पडते किंवा फटींतून वर जाऊन थंड स्लॅबला लागते. एक्झॉस्ट पंखा हवाच, आणि त्याचं तोंड थेट बाहेर हवं. एका ओळखीच्या घरी पंखा पट्ट्यांत बसवून हवा वरच्या पोकळीतच सोडलेली मी पाहिली. पुढच्या थंडीत पट्टी काढली तर वरचा सगळा स्लॅब काळा पडला होता.

आणि हे मात्र हात जोडून सांगते: नवं छत खाली आणताना जुना झरोका बुजवू नका. आपल्याकडे अनेक घरांत गॅसचा गिझर न्हाणीघरातच असतो. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. छत खाली आलं म्हणजे खोलीतली हवाही तेवढी कमी झाली. गॅस गिझर असेल तर आधी तो बाहेर काढा, मग छताचं बोला. नणंदेकडे आम्ही यावर अडून बसलो. मिस्त्रींचा अर्धा दिवस गेला, पण गिझर बाल्कनीत गेला.

९. विजेचं काम पट्ट्या चढण्याआधी संपवा.

वायरचा एकही जोड पोकळीत उघडा राहू देऊ नका, तो डबीतच हवा. दिवा एलईडी घ्या आणि त्यावर आयपी ४४ लिहिलं आहे का बघा; त्यातला दुसरा चार म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच निमित्ताने बसवून घ्या.

१०. छत उघडता आलं पाहिजे.

बहुतेक कारागीर शेवटी चारही कडांना सिलिकॉन भरून देतात. दिसायला छान, पण पुढे वर काही झालं की पट्ट्या फोडण्यावाचून मार्ग उरत नाही. आम्ही शेवटच्या पट्टीची कड मोकळी ठेवली. तिथून एकेक पट्टी मागे सरकवत सगळं छत उतरवता येतं. शिवाय नहाणीच्या ट्रॅपखाली, आणि जिथे पाइपांचे सांधे आहेत तिथे, हात आणि टॉर्च जाईल एवढं झाकण ठेवलं. मिस्त्रींना ते आवडलं नव्हतं. "सुंदरता बिगड़ जाएगी," म्हणाले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बिगडू दे, मला वर काय चाललंय ते कळलं पाहिजे." बादलीत खपली त्यांच्याच पडली होती.

पट्ट्या चढण्याआधी वरच्या सगळ्या पाइपांचे, वायरींचे आणि दुरुस्त केलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा; शेजारी टेप धरून काढलेत तर अंतरंही कळतात. पाइप जिथून भिंतीत शिरतात तिथल्या फटींना जाळी लावा, म्हणजे पाली वर घर करत नाहीत.

११. पुसायला थिनर नको.

बोअरच्या पाण्याच्या क्षारांचे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने आणि मऊ फडक्याने निघतात. थिनरने पीव्हीसीची चकाकी जाते.

१२. उरलेला माल कबाड्याला देऊ नका.

एक-दोन जास्तीच्या पट्ट्या आणि कडेच्या पट्टीचा एखादा तुकडा माळ्यावर आडवा ठेवा. उभा ठेवला तर वाकतो. तीच नक्षी पुढच्या वर्षी बाजारात मिळेलच असं नाही. पावसाळा लागला की पहिल्या जोरदार सरीनंतर झाकण उघडून टॉर्चने बघायचं, हे काम आता घरात मुलाकडे आहे. यंदा त्याने वरून ओरडून सांगितलं, "आई, पेन्सिलची रेघ आहे तिथेच आहे."